काम बघायला

त्या दिवशी मी तिथे नव्हते. आमच्या घरात काही मोठं घडायचं असलं की मी नेमकी दुसरीकडे असते, हे आता सगळ्यांनी मान्य केलंय. पण त्या दिवसाची हकिकत मला तिघांनी तीन वेळा सांगितली, आईनं, मामानं आणि मामीनं, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात उरलेले दोघे चुकलेले होते. म्हणून मी तिन्ही घेतल्यात, आणि जिथे जमत नाहीत तिथे माझं डोकं चालवलंय. पटलं नाही तर त्यांनी स्वतः लिहावं.

आजोबांना सांगितलं होतं की काम बघायला जायचंय. ही युक्ती मामाची. आजोबा अठ्ठ्याऐंशीचे. आज वार कोणता हे त्यांना सांगता येत नव्हतं, मामी आपली सून आहे हे दिवसातून एखाद्या वेळी आठवायचं, आणि मामाला तर ते बरेचदा आपल्या कारखान्यातला जुना कारागीर समजून ओरडायचे. पण 'काम बघायला' हे दोन शब्द कानावर पडले की ते शर्ट बदलून खुर्चीच्या कडेवर बसत. साठ वर्षं सुतारकाम केलेला माणूस. गिऱ्हाइकाच्या घरी मळक्या शर्टानं जायचं नाही, एवढं पक्कं डोक्यात राहिलं होतं. मामीनं त्यांची दाढी केली, खिशात टेप घातला, हातात पेन्सिल दिली. ती त्यांनी आपली आपण कानावर ठेवली. ते बघून मामीला रडू आलं आणि ते लपवायला ती चपला शोधत बसली, असं मामा म्हणतो. मामी म्हणते, चपला खरंच सापडत नव्हत्या.

जायचं होतं ते शहराच्या कडेला असलेल्या एका निवासात. अकरा खाटा, दोन मजले, म्हातारी माणसं. अकरा वर्षं मामीनं सासऱ्यांचं सगळं केलं होतं, सगळं म्हणजे सगळं. महिन्यापूर्वी ते न्हाणीघरात घसरले, तिनं एकटीनं उचललं आणि ती तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिली, कारण पाठ धरल्यानं उठताच येईना. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की पुन्हा त्यांना उचललंत तर तुम्हालाच उचलायला माणूस ठेवावा लागेल. निवासात एक खाट रिकामी झाली होती आणि संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं; रांगेत आणखी दोन घरं होती. मामाचं उत्तर हो होतं. मामीचंही होच होतं, पण ती ते तोंडानं म्हणणार नव्हती. सासऱ्याला घराबाहेर काढलं हे वाक्य एकदा चिकटलं की जन्मभर निघत नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि ते वाक्य म्हणायला नणंद तयारच होती. नणंद म्हणजे माझी आई.

माझी आई आहे म्हणून झाकून ठेवणार नाही. ती रविवारची लेक. दर रविवारी फळं घेऊन जायची, दोन तास आजोबांचा हात धरून बसायची आणि घरी येऊन मला फोनवर सांगायची की त्यांची नखं वाढली होती. सोमवार ते शनिवार काय होतं हे तिनं कधी विचारलं नाही. पण तिला वडील हवे होते, हेही तितकंच खरं. ती हात धरून बसायची ती वाट बघत. कधीतरी ते तिच्याकडे बघून ओळखीचं बोलतील, पूर्वीसारखं रागावतील, काहीतरी काम सांगतील. अकरा वर्षांत तसा रविवार आला नव्हता. त्या दिवशी ती निघाली ती खोट काढायला आणि वडिलांना परत घरी आणायला. कोणाच्या घरी आणायचं, हा विचार तिनं केला नव्हता.

गाडीत मामीनं मामाला हळूच विचारलं, रात्री तिथे किती जण असतात? मामा आधी दोनदा जाऊन जागा बघून आला होता. तो म्हणाला, दारं सव्वातीन फुटी आहेत, चाकाची खुर्ची आरामात जाते. बायका असतात का मदतीला, की सगळे पुरुषच? बिजागऱ्या पितळी आहेत, मामा म्हणाला, उंबरठे काढून टाकलेत, न्हाणीघराची फरशी खरखरीत आहे आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे. बरं, मामी म्हणाली, पण तिथे राहणारी माणसं काय म्हणाली? मामा पुढे रस्त्याकडे बघत राहिला. म्हणाला की माणसं तेव्हा जेवायला बसली होती.

दोनदा गेला आणि दोन्ही वेळा घर बघून आला. ही आमच्या घराण्याची खोड आहे. आईचं लग्न ठरायच्या आधी आजोबा माझ्या वडिलांकडे जाऊन आले होते. आजीनं विचारलं, मुलगा कसा वाटला? आजोबा म्हणाले, जिना सागवानी आहे, आणखी शंभर वर्षं हलायचा नाही. जिना अजून उभा आहे. आईवडिलांच्या संसाराबद्दल मी इथे बोलत नाही.

निवासाच्या दारात आजोबांनी आधी चौकटीवर हात फिरवला, मग आत पाऊल टाकलं. ते घर चालवणारी बाई पूर्वी मोठ्या इस्पितळात मेट्रन होती आणि अजूनही सगळे तिला मेट्रनच म्हणत. मामानं तिला फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. आजोबांनी विचारलं, काम काय आहे? ती जराही न हसता म्हणाली, "पुष्कळ आहे. फिरून बघा आणि तुम्हीच सांगा." आईला ती बाई त्याच क्षणी आवडली नाही. इतकं सफाईनं खोटं बोलणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, असं तिचं म्हणणं. सकाळपासून आपण सगळे तेच खोटं बोलत होतो, हे तिच्या लक्षात आलं नाही.

मग आईनं घर पिंजून काढायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरचं झाकण उचललं. खिडकीच्या पट्टीवर बोट फिरवलं. चादरी हुंगल्या. खोट काढण्यासारखं तिला सापडलं, नाही असं नाही. एका खाटेशेजारची घंटी इतकी वर होती की निजलेल्या माणसाचा हात पोचला नसता. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या शर्टाची बटणं एक घर सोडून लागली होती. दिवाणखान्यात टीव्ही मोठ्यानं चालू होता आणि समोर बसलेले तिघेही खिडकीबाहेर बघत होते. प्रत्येक खोट सापडली की आईला आनंद व्हायचा, आणि मग आनंद झाल्याची लाज वाटायची. हे तिनंच मला सांगितलं. माझी आई खोटं बोलते, पण स्वतःबद्दल नाही.

तेवढ्यात तिला वरच्या मजल्यावरून आजोबांचा आवाज आला. मोठा आवाज, हुकूम सोडणारा. तो तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. ती जिना चढून धावतच गेली.

कोपऱ्यातल्या खोलीत एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या. त्यांच्या कपाटाचा खण चार महिन्यांपासून अडकला होता. दोन माणसं बोलावून झाली होती, एकानं ओढून मूठच उपटून काढली होती. आजोबा खणासमोर खाली बसले होते. बसले कसे, कोणी बसवलं, हे कोणालाच माहीत नाही; मामा खाली कठडा हलवून बघत होता. आजोबांनी एक मेणबत्ती मागवली होती आणि ती आणायला उशीर होत होता म्हणून ते आवाज चढवत होते. बाईंनी काळजीनं विचारलं, फळी मोडावी लागेल का? आजोबा म्हणाले, "मोडायचं कशाला? लाकूड फुगलंय. त्यात त्याचा काय दोष?"

मेणबत्ती आली. त्यांनी खण खालून हळूहळू ठोकत, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, बाहेर आणला. त्यांचे हात, जे सकाळी शर्टाचं बटण लावताना थरथरत होते, ते थरथरत नव्हते. आई दारात उभी होती. त्यांनी मान वर न करता खणाचं एक टोक तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "धर. हलू नकोस."

आई सात-आठ वर्षांची असताना शाळा सुटली की कारखान्यात जायची आणि ते कापत असलेल्या फळीचं टोक धरून उभी राहायची. मदत म्हणून नाही, तिची काय मदत होणार होती! त्यांनी धर म्हटलं म्हणून. ते असंच म्हणायचे, असंच न बघता. आईनं खण धरला. तिचे गुडघे दुखायला लागले, मनगट भरून आलं, पण ती हलली नाही. आजोबा कडेला मेण घासत होते, बोटानं चाचपत होते, पुन्हा घासत होते. पाऊण तास. आई म्हणते, तिला वाटत होतं की तो खण कधी दुरुस्त होऊच नये. इतकी वर्षं रविवारी ज्याची वाट बघत बसायची ते हेच होतं, आणि ते मिळालं तर इथे, परक्या बाईच्या खोलीत.

त्याच वेळी खाली ऑफिसात मामी फॉर्म भरत होती. नाव, वय, औषधं, पथ्यं. शेवटी 'सवयी' असं लिहून पुढे दोन ओळी सोडल्या होत्या. मामीनं लिहिलं, चहा बशीत ओतून पितात. मग लिहिलं, समोर कोणीतरी जेवायला सुरुवात केल्याशिवाय घास घेत नाहीत, ताट नुसतं ठेवलं तर उपाशी राहतात आणि भूक लागली असं कधीच सांगत नाहीत. दोन ओळी संपल्या. तिनं कागद मागितला.

पाठीमागून हात लावू नये, दचकतात. डोक्यावर पाणी ओतायच्या आधी त्यांच्या हातावर ओतून दाखवावं. साडेतीनला दाराशी जाऊन उभे राहतात, तेव्हा अडवायचं नाही. लाकूड अजून आलं नाही असं म्हटलं की आपण होऊन परत फिरतात. डाव्या कुशीवर निजवलं तर खोकतात. रडले तर काय झालं असं विचारू नये, नुसतं जवळ बसावं. चष्मा हरवला म्हणतात तेव्हा चष्मा डोळ्यांवरच असतो, पण ते दाखवून दिलं तर अपमान वाटतो, म्हणून शोधल्यासारखं करावं आणि सापडला म्हणावं. चार पानं झाली. मेट्रननं एकेक पान वाचलं. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, हे सगळं तुम्ही एकट्यानं करत होता?

अकरा वर्षांत मामीला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिला फार काही नको होतं. एक दुपार हवी होती, दार आतून लावून साडेतीनच्या पुढे झोपता येईल अशी. ती दुपार आता टेबलावर समोर ठेवली होती, नुसती सही करायची होती. पण ती चार पानं कोण पाळणार? पगारी माणूस पहिलं पान पाळेल. चष्मा शोधल्यासारखं कोण करेल? तिनं पेन खाली ठेवलं आणि चारही पानांची घडी करून पिशवीत टाकली.

तिघं जिन्याखाली भेटले तेव्हा मामाची समजूत अशी होती की आता ताई नाही म्हणणार, बायको गप्प बसणार आणि आपल्याला दोघींचं ऐकून घ्यावं लागणार. त्यानं मनाची तयारी केली होती. ती सगळी वाया गेली.

आईचे डोळे लाल होते. ती म्हणाली, "राहू दे त्यांना इथे."

"मी नाही ठेवणार," मामी म्हणाली.

मामा आळीपाळीनं दोघींकडे बघत राहिला. तो म्हणतो, त्याला आधी वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय.

आई सांगायला लागली, खण कसा निघाला, हात कसे चालत होते, आवाज कसा होता. इथे त्यांना काम आहे, म्हणाली, इथे ते मिस्त्री आहेत. मामीनं सगळं ऐकून घेतलं. आवाज न चढवता ती म्हणाली, "ताई, तुम्ही एक तास बघितलात. दिवसाला चोवीस असतात."

"तो एक तास मला तुझ्या घरी कधी मिळाला नाही. तुझ्या घरी ते नुसते आजारी असतात."

हे बोलायला नको होतं. आईला बोलतानाच कळलं, पण आमच्याकडे अर्धं वाक्य गिळायची पद्धत नाही. मामी म्हणाली की हो, माझ्या घरी आजारी असतात, कारण माझ्या घरी त्यांना दुखलेलं चालतं. रविवारी एक ते तीन तुम्ही येणार म्हणून मी त्यांना आंघोळ घालून, केस विंचरून बसवते, तेवढे दोन तास ते शहाण्यासारखे बसतात आणि मग संध्याकाळभर माझ्यावर हात उगारतात. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्हाला वाईट वाटलं असतं. आईला हे खरंच ठाऊक नव्हतं. तिनं भावाकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली म्हणजे त्याला ठाऊक होतं.

मग मामीचा मोर्चा नवऱ्याकडे वळला. दोनदा आलात ना इथे? काय बघितलंत? दारं? मला एका माणसाचं नाव सांगा इथल्या. एका तरी माणसाशी बोललात का?

मामा कमी बोलणारा माणूस. आजोबांच्या हाताखाली चाळीस वर्षं काढली, बोलायची सवयच लागली नाही. तो कठड्याला धरून उभा होता.

"नाही बोललो," तो म्हणाला. "दारं मोजली, कारण दारं मोजता येतात. माणसांकडे बघितलं असतं तर त्यांच्यात बाबा दिसले असते. मला ते बघायचं नव्हतं." मग म्हणाला, "आणि तू त्या दिवशी न्हाणीघरात बसली होतीस, ते पण मला परत बघायचं नाही."

मेट्रन ऑफिसच्या दारापर्यंत आली आणि परत आत गेली. पाच वाजत आले होते. दुसरी घरं रांगेत होती.

शेवटी मामी म्हणाली, काय व्हायचं ते होऊ दे, माझी पाठ माझी मी बघीन, मी त्यांना घरी नेते. आणि ती जिना चढायला लागली. एकेक पायरी, कठड्याला धरून, मध्ये एकदा थांबून. आई तिच्या मागोमाग गेली. तिला पहिल्यांदाच दिसलं की ही बाई कशी जिना चढते.

आजोबा शिक्षिकाबाईंच्या खोलीतून हलून शेजारच्या खोलीत पोचले होते. तिथला दुसरा खण त्यांनी बाहेर काढून मांडीवर घेतला होता. खोलीतले म्हातारे गृहस्थ खाटेवर बसून लहान मुलासारखे बघत होते. मामी आजोबांच्या समोरून गेली, पाठीमागून नाही. वाकता येत नव्हतं म्हणून उभ्यानंच म्हणाली, "बाबा, चला. काम बघून झालं. घरी जायचंय."

आजोबांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, तिच्या तोंडाकडे, मग कमरेवर ठेवलेल्या हाताकडे. मग म्हणाले, "हात धू. घरी जा."

कारखान्यात संध्याकाळी ते एकेका कारागिराजवळ जाऊन हेच म्हणत. ते म्हणेपर्यंत कोणी हत्यार खाली ठेवत नसे, घड्याळात कितीही वाजलेले असोत. आणि ते म्हटल्यावर कोणी एक क्षण जास्त थांबलेलं त्यांना खपत नसे. मामी लग्न होऊन आली तेव्हापासून कारखान्याच्या मागच्याच खोल्यांत राहिलेली. तिनं ते रोज ऐकलं होतं, पण दुसऱ्यांना म्हटलेलं. तिला कधी कोणी म्हटलं नव्हतं.

"आणि तुम्ही?" तिनं विचारलं.

"माझं आहे अजून." त्यांनी खणाकडे बघितलं. नव्या माणसाला एकदा सांगून कळत नाही तेव्हा बोलतात तसं, पण मऊ आवाजात म्हणाले, "तुझं झालं. हात धू, घरी जा."

त्यांना कळलं होतं का, यावर आमच्या घरात अजून वाद आहेत. मामा म्हणतो, कळलं होतं. डॉक्टर म्हणतात, शक्य नाही. मामी त्या वेळी कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली, नळ सोडला आणि हात धुतले, साबण लावून, दोन्ही बाजूंनी, नखांत काही अडकलेलं असावं तसे. पाणी बराच वेळ वाहत होतं. मग तिनं पिशवीतून चार पानं काढली, सरळ केली आणि खाली ऑफिसात नेऊन दिली.

हे सगळं मला आईनं सांगितलं, कारण खोलीत तीच होती. मामी गेल्यावरही ती थांबली. तिलाही ते काही म्हणतील म्हणून थांबली. धर म्हणाले असते तर तिनं पुन्हा पाऊण तास धरलं असतं. जा म्हणाले असते तरी चाललं असतं. आजोबांनी खण उलटा केला, डोळ्यांजवळ नेऊन निरखला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई," ते म्हणाले, "जरा बाजूला होता का? उजेड अडतोय."

आई बाजूला झाली.